आयनी द्रवाने हायड्रेट थांबतं का? सेल भरण्यापासून डोस ठरवण्यापर्यंतची पद्धत

आयनी द्रव (कमी तापमानालाही द्रवरूप राहणारे क्षार) वापरून गॅस हायड्रेट (पाणी आणि वायूचा बर्फासारखा घट्ट पदार्थ, जो पाइपलाइन तुंबवतो) रोखण्याचे प्रयोग बहुतेक वेळा मोजमाप सुरू होण्याआधीच फसलेले असतात. द्रवात ओलावा किती आहे हे न बघता तो वजन केला जातो. निव्वळ पाण्याची चाचणी टाळली जाते. सेल, म्हणजे प्रयोगाचं दाबपात्र, घाईने गरम केला जातो, आणि अहवालात ‘समतोल तापमान एक अंशाने सरकलं’ असं वाक्य येतं. तो एक अंश रसायनामुळे सरकला, तापमापकामुळे की घाईमुळे, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. पेट्रोलियम आणि रसायन अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि फ्लो अश्युरन्समध्ये (पाइपलाइनमधला प्रवाह अडू न देण्याच्या कामात) असलेले अभियंते हा प्रयोग पुन्हा पुन्हा त्याच जागी चुकवतात, म्हणून इथे तो क्रमाने लिहितो आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. पुढचा प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यातल्या आकड्यावर उभा आहे.

माझं मत आधीच सांगतो. आयनी द्रव एकट्याने मिथेनॉल किंवा एमईजी (मोनोइथिलीन ग्लायकॉल) यांची जागा घेईल अशी अपेक्षा ठेवून प्रयोग आखू नका. सोबतीचं रसायन म्हणून तो किती उपयोगी पडतो, हाच प्रश्न विचारण्यासारखा आहे. का, ते दुसऱ्या टप्प्यातल्या गणितात दिसेल.

## १. कोणतं काम हवं आहे ते आधी लिहून काढा

हायड्रेट इनहिबिटर, म्हणजे हायड्रेट रोखणारं रसायन, दोन वेगळी कामं करतो. थर्मोडायनॅमिक इनहिबिटर समतोलाची रेषाच (कोणत्या दाब-तापमानाला हायड्रेट बनतं ती सीमा) सरकवतो, म्हणजे त्याच दाबाला हायड्रेट बनायला आणखी कमी तापमान लागतं. मिथेनॉल, एमईजी आणि साधं मीठ या गटातले. कायनेटिक इनहिबिटर रेषेला हात लावत नाही, फक्त हायड्रेट सुरू व्हायला उशीर करतो. पॉलिव्हिनाइल कॅप्रोलॅक्टम, म्हणजे पीव्हीकॅप, आणि पीव्हीपी हे पॉलिमर या गटातले. त्यांचा डोस पाण्याच्या एक-दोन टक्क्यांच्या आतबाहेर असतो.

इमिडाझोलियम गटातले (नायट्रोजनयुक्त कडीच्या धन आयनाचे) काही आयनी द्रव ही दोन्ही कामं थोडी थोडी करतात, हे २००९ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठातल्या कामातून पुढे आलं. त्यातल्या ‘दोन्ही’ या शब्दावर सगळे भाळतात. ‘थोडी थोडी’ मात्र विसरलं जातं.

प्रयोगशाळेत जाण्याआधी ज्या लाइनसाठी (पाइपलाइनसाठी) हा खटाटोप आहे तिची माहिती एका कागदावर घ्या: सर्वाधिक दाब, सर्वात कमी तापमान, वायूची घटकरचना, पाण्याचं प्रमाण आणि त्यातलं मीठ, आणि बंद पडल्यावर लाइन जास्तीत जास्त किती तास थंड राहू शकते.

ही माहिती जागेप्रमाणे पार बदलते. मुंबई हायला समुद्र उथळ आहे, साधारण ७५ ते ८० मीटर, आणि तळाचं पाणी उबदार. तिथे हायड्रेटचा धोका मुख्यतः चोकवर (प्रवाह आवळणाऱ्या झडपेवर) आणि गॅस लिफ्टच्या (तेल वर आणायला विहिरीत वायू सोडणाऱ्या) लाइनमध्ये असतो, कारण प्रसरण पावताना वायू थंड होतो. दाब १० बार उतरला की तापमान ढोबळमानाने ४ ते ५ अंश घसरतं. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात खोल पाण्यातल्या विहिरींची गोष्ट निराळी. हजार मीटरच्या खाली तळाचं पाणीच थंडगार असतं, त्यामुळे सगळी लाइन हायड्रेटच्या पट्ट्यात येते. पहिल्या ठिकाणी काही मिनिटांचा उशीर पुरू शकतो, दुसऱ्या ठिकाणी लाइन बंद पडली तर कित्येक तासांचा उशीर लागतो.

सावध: वायूत प्रोपेन असेल तर शुद्ध मिथेनवरच्या प्रयोगावर विसंबू नका. एखादा टक्का प्रोपेननेही हायड्रेटची रचना पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाते आणि त्याच तापमानाला बऱ्याच कमी दाबावर हायड्रेट बनू लागतं. पहिल्या फेरीला मिथेन चालेल, निर्णयासाठी लाइनच्याच घटकरचनेचा वायू हवा.

## २. कागदावरचं गणित: वजनाचे टक्के फसवतात

हॅमरश्मिटचं जुनं सूत्र अजूनही पहिल्या अंदाजाला पुरतं. पाण्याच्या थरात इनहिबिटर वजनाने ‘व’ टक्के असेल आणि त्याचा रेणुभार ‘म’ असेल, तर तापमानातला फरक अंश सेल्सियसमध्ये असा:

फरक = १२९७ × व ÷ [म × (१०० − व)]

१० टक्के मिथेनॉल, रेणुभार ३२: फरक सुमारे ४.५ अंश. १० टक्के एमईजी, रेणुभार ६२: सुमारे २.३ अंश. आता १-इथाइल-३-मिथाइलइमिडाझोलियम क्लोराइड घ्या. पुढे त्याला ईमिम क्लोराइड म्हणू. त्याचा रेणुभार १४६.६, म्हणून १० टक्क्यांना सूत्र जेमतेम १ अंश देतं. पाण्यात त्याचे दोन आयन सुटे होतात, त्यामुळे आदर्श स्थितीत हा आकडा दुपटीकडे जाईल. प्रत्यक्षात आयन एकमेकांना धरून राहतात आणि या गटातल्या द्रवांचे १० टक्क्यांचे आकडे सहसा अर्धा ते दीड अंश या पट्ट्यात येतात.

हे मोलमध्ये बघितलं की कारण लगेच कळतं. १०० ग्रॅम द्रावणात १० ग्रॅम मिथेनॉल म्हणजे ०.३१ मोल, १० ग्रॅम एमईजी म्हणजे ०.१६ मोल आणि १० ग्रॅम ईमिम क्लोराइड म्हणजे ०.०६८ मोल. समतोलाची रेषा पाण्यात किती कण विरघळले आहेत यावर मुख्यतः हलते. जड रेणूचे कण त्याच वजनात कमीच भरणार.

आता गरज बघा. शुद्ध मिथेनसाठी १०० बारला हायड्रेटचं समतोल तापमान सुमारे १३ अंश आहे. लाइन ५ अंशांवर चालत असेल तर ८ अंश भरून काढायचे आणि वर २ ते ३ अंशांची राखीव जागा ठेवायची, म्हणजे किमान १० अंश. १० टक्के आयनी द्रव त्यातला एक अंश देतो. उरलेले नऊ अंश कुठून येणार, याचं उत्तर प्रयोगाच्या आराखड्यातच असायला हवं.

तपासा: हे गणित तुमच्या लाइनच्या आकड्यांनी केलं का? आयनी द्रवाकडून नेमके किती अंश किंवा किती तास हवेत, तो एक आकडा लिहून ठेवा. पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचं आहे.

## ३. द्रव निवडताना आधी काय गाळायचं

कॅटायन (धन आयन) आणि ॲनायन (ऋण आयन) यांच्या जोड्या अगणित आहेत. म्हणून आधी नको ते बाजूला काढा.

पाण्यात न मिसळणारे द्रव पहिल्यांदा यादीतून वगळा. हेक्साफ्लुरोफॉस्फेट आणि बिस्ट्रिफ्लिमाइड ॲनायनवाले इमिडाझोलियम द्रव पाण्यापासून वेगळे बसतात. हायड्रेट पाण्यातून बनतं. इनहिबिटर पाण्यात नसेल तर त्याचा उपयोग नाही.

मग लांब शेपटीचे कॅटायन. बाजूची कार्बनसाखळी जसजशी लांबते तसतसा द्रव साबणासारखा वागू लागतो, फेस येतो, वायू आणि पाण्याचा संपर्क वाढतो आणि हायड्रेट उलट वेगाने वाढू शकतं. समतोलाच्या फरकाच्या दृष्टीनेही छोटी साखळी बरी, कारण रेणुभार कमी राहतो. शिवाय लांब साखळीचे इमिडाझोलियम जलचरांना जास्त विषारी असतात. समुद्रातल्या कामात हे दुर्लक्षून चालणार नाही.

सावध: टेट्राब्युटाइल अमोनियम ब्रोमाइड, म्हणजे टीबीएबी, इनहिबिटर समजून वापरू नका. ते पाण्याबरोबर स्वतःच सेमिक्लॅथ्रेट, म्हणजे हायड्रेटसारखाच घट्ट पदार्थ, बनवतं आणि ४० टक्क्यांच्या आसपासच्या द्रावणात साध्या वातावरणीय दाबालाही १२ अंशांपर्यंत घट्ट राहतं. अमोनियम गटातलं कोणतंही मीठ निवडलं तर ब्युटाइल साखळ्यांकडे आधी बघा.

उरलेल्यांत क्लोराइड ॲनायन समतोल हलवायला चांगला, पण स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडतो. टेट्राफ्लुरोबोरेट कायनेटिक कामात चांगला दिसला आहे, पण पाण्यात त्याचं सावकाश विघटन होतं आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल सुटतं. इथाइल सल्फेट गरम पाण्यात तुटून बायसल्फेट देतो, आणि विहिरीच्या पाण्यात बेरियम असेल तर बेरियम सल्फेटचा थर साचण्याची भीती. कोलीनवर आधारलेली क्षारं स्वस्त आणि तुलनेने निरुपद्रवी आहेत. कोलीन क्लोराइड तर कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. त्याचा वितळणबिंदू मात्र खूप वर असल्याने काटेकोर व्याख्येत ते आयनी द्रव ठरत नाही. पाइपलाइनला त्याने काही फरक पडत नाही. पाण्यात विरघळल्यावर दोन्ही क्षारच.

पहिल्या फेरीला एक क्लोराइड, एक टेट्राफ्लुरोबोरेट आणि एक कोलीन क्षार, एवढं पुरे. दहा द्रवांचे अर्धवट प्रयोग करण्यापेक्षा तिघांचे पूर्ण करा.

## ४. शुद्धता आणि ओलावा: इथे घाई नको

ईमिम क्लोराइड हवेतलं पाणी झपाट्याने ओढतं. बाटली उघडी ठेवून वजन केलं तर तराजूचा आकडा डोळ्यांदेखत वाढतो. पाच टक्के ओलावा असलेल्या मालाचे १० ग्रॅम घेतले तर क्षार ९.५ ग्रॅमच असतो, आणि उरलेलं पाणी तुमच्या हिशेबात कुठेच नसतं. मुळात मोजायचा फरक एक अंशाचा, त्यात ही चूक परवडत नाही. क्रम असा ठेवा:

१. द्रव ६० ते ८० अंशांवर व्हॅक्यूममध्ये किमान एक दिवस वाळवा. टेट्राफ्लुरोबोरेटला खालचंच तापमान द्या.

२. कार्ल फिशर टायट्रेशनने (पाण्याचं अल्प प्रमाण मोजणाऱ्या रासायनिक चाचणीने) ओलावा मोजा. बाटलीवरचा आकडा गृहीत धरू नका.

३. टेट्राफ्लुरोबोरेट किंवा इतर ॲनायन असेल तर शिल्लक क्लोराइड किती आहे ते आयन क्रोमॅटोग्राफीने बघा. हे द्रव अनेकदा क्लोराइडपासून ॲनायन बदलून बनवतात. उरलेला क्लोराइड समतोल हलवतो आणि श्रेय दुसऱ्यालाच जातं.

४. द्रावण वजनाने बनवा, आकारमानाने नाही. पाणी डीआयोनाइज्ड घ्या. मोजलेल्या ओलाव्याचा हिशेब धरून खरे टक्के लिहा.

५. द्रावणाचा सामू मोजा आणि नोंदवा. प्रयोगानंतर तोच पुन्हा मोजायचा आहे.

सावध: टेट्राफ्लुरोबोरेटचं पाण्यातलं द्रावण काचेच्या बाटलीत आठवडेच्या आठवडे ठेवू नका आणि उकळू नका. प्लास्टिकची बाटली वापरा, द्रावण ताजं बनवा, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल (हायड्रोफ्लोरिक आम्लाने भाजल्यावर लावायची) हाताशी असल्याशिवाय त्याला हात लावू नका. सामू खाली घसरलेला दिसला तर ते द्रावण बाद.

## ५. सेल तयार करणं

उच्च दाबाचा सेल, त्याभोवती चिलरचं पाणी, दाबमापक, द्रवात एक आणि वायूत एक असे दोन तापमापक, आणि चुंबकीय स्टरर, एवढं लागतं. क्लोराइडसाठी ३१६ स्टेनलेस स्टीलपेक्षा हॅस्टेलॉयचा (गंजरोधक निकेल मिश्रधातूचा) सेल चांगला. स्टीलचाच असेल तर प्रत्येक प्रयोगानंतर लगेच धुवा.

आधीच्या द्रावणाचा अंश राहिला तर पुढची चाचणी बिघडते. डीआयोनाइज्ड पाण्याने निदान तीनदा धुवा आणि शेवटच्या धुण्याच्या पाण्याची वाहकता मोजा. आयनी द्रव क्षार असल्याने ही तपासणी सोपी आणि भरवशाची आहे. मग सेल कोरडा करा, नायट्रोजन भरून रात्रभर ठेवा आणि दाब उतरतो का ते बघा. तापमान स्थिर असताना दाब हळूहळू उतरत असेल तर गळती आहे. ती राहिली तर पुढे हायड्रेट बनल्याचा भास होईल.

द्रावण भरल्यावर हवा काढताना लांबलचक व्हॅक्यूम लावू नका. आयनी द्रव उडत नाही, पण पाणी उडतं आणि द्रावण घट्ट होत जातं. त्याऐवजी कमी दाबाने मिथेन भरून सोडा, असं तीनदा करा.

सावध: एका घनमीटर मिथेन हायड्रेटमधून साध्या दाबाला १६० घनमीटरहून अधिक वायू निघतो. हायड्रेट भरलेला बंद सेल एकदम गरम केला तर दाब कुठवर जाईल ते आधी मोजा. रप्चर डिस्क (दाब फार वाढला की फुटणारी सुरक्षा-चकती) त्या हिशेबाने निवडा. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन पेट घेऊ शकतो, म्हणून वायू बाहेर सोडणारी नळी उघड्यावर न्या आणि खोलीत डिटेक्टर चालू ठेवा.

## ६. निव्वळ पाण्याची चाचणी

या टप्प्याला फाटा देण्याचा मोह सगळ्यांना होतो. ‘हे आकडे तर माहीतच आहेत’ असं वाटतं. माहीत आहेत, म्हणूनच ही चाचणी करायची. मिथेन आणि निव्वळ पाण्यासाठी ४ अंशांना समतोल दाब सुमारे ३८ ते ३९ बार आणि १० अंशांना सुमारे ७१ ते ७२ बार येतो. तुमच्या सेलमध्ये, तुमच्या तापमापकाने, तुमच्या गरम करण्याच्या वेगाने हे आकडे आले, तरच त्या सेलमधला आयनी द्रवाचा आकडा मानायचा.

तपासा: तीन वेगवेगळ्या दाबांना तुमचे बिंदू माहीत असलेल्या रेषेपासून ०.१ ते ०.२ अंशाच्या आत आहेत का? नसतील तर तापमापक बर्फ-पाण्यात तपासा, दाबमापक तपासा, मग वेग कमी करून पुन्हा बघा. हे जुळेपर्यंत आयनी द्रवाची बाटली उघडू नका.

## ७. समतोल मोजणं: शेवटचे दोन अंश सावकाश

आकारमान स्थिर ठेवून दाब आणि तापमान नोंदवत जायचं, ही इथली रूढ पद्धत.

१. २० अंशांच्या आसपास हव्या त्या दाबापर्यंत मिथेन भरा. स्टरर चालू ठेवा आणि दाब पूर्ण स्थिर होऊ द्या. वायू पाण्यात विरघळेपर्यंत तो थोडा उतरत राहतो, ते हायड्रेट नव्हे.

२. सेल थंड करा. दाब आधी वायूच्या आकुंचनाने सरळ रेषेत उतरेल. एका क्षणी तो एकदम कोसळेल आणि तापमान किंचित वर उडेल. ती हायड्रेटची सुरुवात. हा बिंदू समतोलाचा नाही, तो नोंदवून पुढे चला.

३. दाब सपाट होईपर्यंत थांबा.

४. आता गरम करा. अपेक्षित बिंदूपासून दोन-तीन अंश दूर असेपर्यंत एकेक अंशाच्या पायऱ्या चालतील. त्यानंतर ०.१ अंशाच्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर दाब स्थिर होईपर्यंत थांबा. त्याला तीन-चार तास लागू शकतात.

५. गरम करतानाची रेषा थंड करतानाच्या सरळ रेषेला जिथे येऊन मिळते तो समतोल बिंदू.

घाई का नको, ते नीट लक्षात घ्या. वेग जास्त असला की हायड्रेट वितळायच्या आत तापमान पुढे निघून जातं आणि समतोल आहे त्यापेक्षा वर दिसतो. समजा निव्वळ पाण्याची चाचणी घाईने उरकली आणि आयनी द्रवाची सावकाश केली. पाण्याचा बिंदू खोटा वर, द्रवाचा बिंदू खरा, आणि दोहोंमधला फरक फुगलेला. दोन्ही चाचण्या एकाच वेगाने आणि एकाच पायरीने करा.

दुसरा मुद्दा सहसा कुणी लिहीत नाही. हायड्रेट बनताना क्षाराला बाहेर ठेवतं, त्यामुळे उरलेलं पाणी घट्ट होतं. सेलमध्ये बरंच हायड्रेट असताना वाचलेला बिंदू १० टक्क्यांचा राहत नाही, १२ किंवा १३ टक्क्यांचाही असू शकतो. म्हणून हायड्रेटचा शेवटचा कण वितळतानाचाच बिंदू घ्या. तिथे सगळं पाणी परत आलेलं असतं आणि प्रमाण तुम्ही बनवलं तेवढंच असतं.

४० ते १०० बारच्या दरम्यान किमान चार बिंदू घ्या. मग दाबाचा नैसर्गिक लॉगॅरिदम उभ्या अक्षावर आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर मांडा.

तपासा: आयनी द्रवाची रेषा निव्वळ पाण्याच्या रेषेला समांतर आहे का? उतारावरून वायूची संपीड्यता धरून काढलेली विघटन-उष्णता दोन्हीकडे मिथेनच्या मोलमागे ५४ ते ५७ किलोज्यूलच्या जवळपास यायला हवी. ती बरीच वेगळी आली तर द्रव हायड्रेटच्या रचनेत शिरतोय किंवा मोजमापात गफलत आहे. दोन्ही शक्यतांत पुढे जाऊ नका.

## ८. उशीर मोजणं: कायनेटिक चाचणी

एकाच द्रावणावर एकदा मोजलेल्या उशिराला काही अर्थ नाही. हायड्रेटचं पहिलं बीज पडणं ही योगायोगाची घटना आहे. तेच द्रावण, तोच सेल, तरी एकदा वीस मिनिटं लागतील, एकदा तीन तास. निदान सहा वेळा करा, शक्य असेल तर एकाच वेळी अनेक सेल हलवणारं रॉकिंग उपकरण वापरा, आणि सरासरीऐवजी सगळे आकडे आणि मधला आकडा द्या.

मेमरी इफेक्ट हा इथला मोठा सापळा. एकदा हायड्रेट बनून वितळलेल्या पाण्यात दुसऱ्यांदा ते लवकर बनतं. म्हणून दोन फेऱ्यांमध्ये सेल ३० अंशांपर्यंत नेऊन कित्येक तास ढवळत ठेवा किंवा दर वेळी ताजं द्रावण घ्या. एकच पद्धत निवडा आणि निव्वळ पाण्यालाही तीच लावा.

तुलना समान सबकूलिंगला, म्हणजे समतोल तापमानापेक्षा सारखेच अंश खाली ठेवून, करा. द्रवाने समतोल एक अंशाने खाली आणला असेल, तर एकाच बाथ-तापमानाला त्याच्या सेलमध्ये हायड्रेटचा जोर एक अंशाने कमीच असतो. तिथे दिसणारा उशीर अंशतः सातव्या टप्प्यात मोजलेल्याच परिणामाचा असतो. तोच परिणाम दोनदा मोजून ‘दुहेरी कार्य’ जाहीर करणं ही या विषयातली सर्वाधिक वेळा होणारी चूक असावी.

आणि चिकटपणा. द्रावण दाट असेल तर वायू पाण्यात सावकाश उतरतो, हायड्रेटही सावकाश वाढतं. प्रयोगशाळेत ते चांगलं दिसतं, वाहत्या लाइनमध्ये प्रवाह जोरात ढवळला जातो आणि तो फायदा नाहीसा होतो. स्टररचा वेग दीडपट करून चाचणी पुन्हा करा. उशीर एकदम कोसळला तर तो चिकटपणाचाच होता.

सुरुवात झाल्यानंतर काय होतं तेही नोंदवा: वायू किती वेगाने खपला, आणि स्टररची मोटर अडखळली का. काही इनहिबिटर सुरुवात लांबवतात, पण एकदा हार मानली की हायड्रेट झपाट्याने वाढतं. लाइनमध्ये हे नुसत्या पाण्यापेक्षाही वाईट ठरू शकतं.

## ९. सोबतीची चाचणी

पीव्हीकॅपबरोबर आयनी द्रव बघायचा असेल तर पाच द्रावणं करा: निव्वळ पाणी; पीव्हीकॅप ०.५ टक्के; आयनी द्रव ०.५ टक्के; दोन्ही प्रत्येकी ०.५ टक्के एकत्र; आणि पीव्हीकॅप १ टक्का. चौथ्याची तुलना दुसऱ्याशी करू नका, पाचव्याशी करा. रसायन दुप्पट घातल्यावर उशीर वाढणारच. त्याच एकूण वजनाच्या नुसत्या पीव्हीकॅपपेक्षा जोडी सरस ठरली, तरच आयनी द्रवाने काही केलं.

एमईजीबरोबरही हेच. १५ टक्के एमईजी आणि ५ टक्के आयनी द्रव यांची तुलना २० टक्के एमईजीशी.

तपासा: जोडीचं द्रावण ३० ते ५० अंशांपर्यंत गरम करून बघा, गढूळ होतं का? पीव्हीकॅप गरम पाण्यातून बाहेर पडतो आणि क्षाराने तो बिंदू आणखी खाली येतो. विहिरीच्या तोंडाशी प्रवाह गरम असतो. इंजेक्शनच्या जागीच पॉलिमर चिकटला तर खाली थंडीत काहीच पोहोचणार नाही.

## १०. लाइनच्या पाण्यात पुन्हा

विहिरीबरोबर येणारं पाणी खारट असतं. मीठ स्वतःच थर्मोडायनॅमिक इनहिबिटर आहे, त्यामुळे निव्वळ पाण्यात मिळालेला फरक खाऱ्या पाण्यात जसाच्या तसा वर जमा होईल असं धरू नका. लाइनच्या पाण्यासारख्याच घटकरचनेचं कृत्रिम खारं पाणी बनवून सातवा आणि आठवा टप्पा निदान एका प्रमाणाला पुन्हा करा. त्याच वेळी साका बसतो का ते बघा, कंडेन्सेट (वायूबरोबर येणारं हलकं द्रवरूप तेल) घालून हलवा आणि दोन थर किती वेळात वेगळे होतात ते मोजा. दुधासारखं मिश्रण तयार झालं तर किनाऱ्यावरच्या सेपरेटरवाल्यांना ते नको असेल.

लाइनच्याच पोलादाच्या पट्ट्या कार्बन डायऑक्साइड असलेल्या द्रावणात टांगून गंज मोजा. वजनातली घट पुरेशी नाही, पट्टी भिंगाखाली ठेवून खड्डेही बघा.

## ११. डोस

डोस नेहमी पाण्याच्या थरावर मोजा, आणि टक्के तयार द्रावणाचे धरा. दिवसाला १० घनमीटर पाणी येत असेल आणि २० टक्के एमईजी हवं असेल तर १०,००० किलो पाण्यामागे २,५०० किलो एमईजी लागतं, २,००० नव्हे. एक टक्का आयनी द्रवासाठी सुमारे १०१ किलो. मिथेनॉलचा काही भाग वायूत उडून जातो, म्हणून त्यात भर घालावी लागते. आयनी द्रव उडत नाही. त्याच्या बाजूने खरं बोलण्यासारखं हेच आहे, आणि पाणी उडवून तो परतही मिळवता येतो. पण त्या वेळी विहिरीच्या पाण्यातलं मीठही त्याच्यातच साचत जातं. पुनर्वापराच्या चार-पाच फेऱ्यांनंतरच्या द्रवावर सहावा ते आठवा टप्पा पुन्हा केल्याशिवाय खर्चाचा तक्ता मांडू नका.

अहवालात प्रत्येक आकड्याबरोबर हे द्या: मोजलेला ओलावा, शिल्लक क्लोराइड, खरे वजनी टक्के आणि मोल टक्के, गरम करण्याची पायरी आणि थांबण्याचा वेळ, स्टररचा वेग, दोन फेऱ्यांमधली पद्धत, प्रयोगाआधीचा आणि नंतरचा सामू, आणि त्याच सेलमधले निव्वळ पाण्याचे बिंदू. दुसऱ्या टप्प्यात लिहून ठेवलेला ‘किती अंश, किती तास हवे’ हा आकडा तक्त्याच्या पहिल्या ओळीत ठेवा. लूपमधली (वाहत्या प्रवाहाच्या चाचणी-नळीतली) चाचणी मागायची की द्रव बदलायचा, हे वाचणाऱ्याला त्या ओळीवरून ठरवता येईल.